न तापवलेला चीक

आमची ही डुकरं सांभाळते, हे मी पहिली दोन वर्षं कोणालाही सांगितलं नाही. विचारलंच कोणी तर म्हणायचो, "दवाखान्यात आहे." दवाखाना म्हटलं की माणसं पुढे खोदून विचारत नाहीत, स्वतःच्या गुडघ्याचं सांगत बसतात. पण एकदा मेव्हण्याने गॅरेजमध्ये चारचौघांसमोर विचारलं, "काय भावोजी, ताईची डुकरं काय म्हणतात?" आणि माझं पितळ उघडं पडलं.

संध्याकाळी घरी येऊन मी आदळआपट केली. ती भांडी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही दिवसभर काळ्या ऑइलमध्ये लोळता. माझी डुकरं तुमच्यापेक्षा स्वच्छ असतात." हे खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

खरंच स्वच्छ असायची. पिल्लांच्या खोलीत जाण्याआधी ही रोज डोक्यावरून आंघोळ करायची, घरचे सगळे कपडे उतरवून तिथले घालायची, केसांवर टोपी, तोंडावर दोन मास्क, हातमोज्यांवर हातमोजे. त्या खोलीतली हवा सतत बाहेरच्या दिशेने ढकललेली असते, म्हणजे दार उघडलं तरी धूळ आत शिरायला नको. घरात कोणाला सर्दी असली तर हिने कामावर जायचं नाही असा नियम होता. त्यामुळे मला साधी शिंक आली तरी माझी रवानगी बाहेरच्या खोलीत. स्वतःच्या घरात शिंकायची चोरी! एका हिवाळ्यात मी नऊ दिवस बाहेरच्या सोफ्यावर काढले, आणि का, तर आतल्या चार डुकरांना पडसं होऊ नये म्हणून.

त्याआधी सतरा वर्षं ती एका पाळणाघरात होती. ते बंद पडलं तेव्हा कोणीतरी सांगितलं की मोठ्या इस्पितळाच्या आवारात संशोधन केंद्र आहे, तिथे पिल्लांना बाटलीने दूध पाजायला बाई हवी आहे. मुलाखतीत तिथल्या मुख्य मॅडमनी विचारलं, "एका वेळी आठ मुलं असली तर आधी कोणाला पाजता?" ही म्हणाली, "जे रडत नाही त्याला." मॅडमनी पुढे काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ये म्हणाल्या.

ही पिल्लं साधी नव्हती. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्यांत काही खास कामाच्या असतात. एक जात जंतूला ओळखते, लक्षात ठेवते आणि मारते. दुसरी त्याच्याविरुद्ध हत्यारं बनवते. या पिल्लांच्या अंगात जन्मापासूनच या दोन्ही जाती नसायच्या. इतर पिल्लं ज्या चिखलात मजेत लोळतात त्यात ही आठवड्याभरात मेली असती. माणसांतही अशी मुलं जन्माला येतात, पन्नास-साठ हजारांत एखादं. घरच्यांना आधी कळतही नाही. एक सर्दी होते, ती बरी होत नाही, मग न्यूमोनिया, मग धावपळ. डुकराच्या शरीरातली ही सगळी व्यवस्था माणसाच्या फार जवळची, म्हणून मॅडम तिच्यावर काम करत होत्या. हे सगळं मला हिने सांगितलं. मी दहावीत शास्त्रात कसाबसा पास झालेला माणूस, आणि बायकोकडून जेवताना पेशींच्या जाती ऐकत होतो.

यावर इलाज एकच. निरोगी भावंडाच्या किंवा आईबापाच्या हाडातला मगज काढून द्यायचा, तो रुजला की नव्या पेशी तयार होतात. पण तो रुजायला जागा लागते, आणि जागा करायला आधी एक जहाल औषध द्यावं लागतं. त्या औषधानेच काही मुलं जातात. मॅडमचा प्रश्न असा होता की त्या औषधाचा पाव डोस देऊन भागेल का? भागलं असतं, तर केवढ्या मुलांचे हाल वाचले असते.

आता त्या पिल्लांबद्दल. डुकरिणीवर शस्त्रक्रिया करून नऊ पिल्लं काढली, त्यांत चार आजारी निघाली. त्यांतलं एक पहिल्याच दिवशी गेलं. उरलेल्या तिघांना पाचव्या दिवशी एका निरोगी भावाचा मगज दिला, पाव डोसावर. दोघांत तो रुजला नाही. एक चौथ्या आठवड्यात गेलं, दुसरं त्यानंतर सहा दिवसांनी. तिसरं टिकलं.

तिसऱ्याला ही 'साहेब' म्हणायची. नाव ठेवायला परवानगी नव्हती, कानात नंबर होता. पण दुधाची वेळ दोन मिनिटं टळली की तो दारावर नाक आपटून असा आरडाओरडा करायचा की नंबराने हाक मारणं शोभलं नसतं, असं हिचं म्हणणं. सहाव्या आठवड्यात त्याच्या रक्तात पेशी दिसल्या. त्याच, ज्या त्याच्या अंगात जन्मापासून नव्हत्या. मॅडमनी केंद्रातल्या सगळ्यांना केक वाटला. हिने स्वतःचा तुकडा कागदी रुमालात बांधून माझ्यासाठी आणला. रुमालाला सगळं क्रीम लागलं होतं, आणि हिच्या चेहऱ्यावर तर पाळणाघरातलं एखादं मूल पहिल्यांदा उभं राहिल्यावर असायचा तसा आनंद होता.

ते दोन आठवडे फार बरे गेले. नंतरचे चार दिवस मात्र तसे नव्हते.

मंगळवारी दुपारी इस्पितळातले मुलांचे डॉक्टर केंद्रात आले. त्यांच्या वॉर्डात सात महिन्यांचा एक मुलगा होता, याच आजाराचा, काचेच्या खोलीत ठेवलेला. वडिलांचा मगज द्यायचं ठरलं होतं. मूल इतकं अशक्त की पूर्ण डोस झेपेल का, याची डॉक्टरांना धास्ती होती. शुक्रवारी सकाळी दहाला त्यांच्या समितीची बैठक होती. नुसत्या एका डुकरावरून कोणी काही ठरवत नसतं, त्यांच्यासमोर इतर देशांतले कागदही होते. पण ते कागद निम्मे इकडे, निम्मे तिकडे होते, आणि साहेब पारड्यात बसला की पाव डोसाची बाजू खाली जात होती.

डॉक्टरांनी मुलाच्या आईलाही सोबत आणलं होतं. आमची ही आत साहेबाला पाजत होती, बाई काचेबाहेर उभ्या. मास्कमुळे डोळे तेवढे दिसत होते. भिंतीत बोलण्यासाठी स्पीकर आहे, त्यावरून त्यांनी हिला विचारलं, "हा नीट पितो का हो?"

"पितो की. वेळ चुकली तर आरडाओरडा करतो."

"माझा रडतही नाही आता," बाई म्हणाल्या.

आणि तेवढ्यात स्पीकर चालू असतानाच, मॅडम डॉक्टरांना खोलीची व्यवस्था समजावून सांगू लागल्या. हवा, पाणी, दूध. म्हणाल्या, "पहिल्या दिवशीचा चीक आम्ही साठ अंशांवर तासभर तापवतो. एकतर जंतू मरतात. पण मुख्य कारण दुसरंच. चिकात आईच्या जिवंत पांढऱ्या पेशी असतात, त्या पिल्लाच्या पोटातून रक्तात जातात. निरोगी पिल्लात त्या फार काळ टिकत नाहीत. पण या पिल्लांकडे त्यांना हाकलायला कोणीच नाही, त्या तिथेच मुक्काम ठोकतील. मग आम्हाला पेशी दिसतील आणि वाटेल, मगज रुजला."

हिच्या हातातली बाटली तशीच राहिली. साहेबाने ओरडून आठवण करून दिली तेव्हा कुठे भानावर आली.

त्या दिवशी ती मला काही बोलली नाही. जेवली नाही. मी विचारलं तर "पित्त" म्हणाली. बुधवारी गेली, तर साहेबाच्या कानांवर आणि पोटावर लाल चट्टे होते. ते चार दिवसांपूर्वीच उमटले होते. मॅडमचं म्हणणं होतं की नव्या पेशी कामाला लागल्या की असं थोडंफार होतं. हिलाही ते पटलं होतं. बुधवारी पटेना. संध्याकाळी घरी आली ती चप्पलही न काढता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली.

"अहो," म्हणाली, "मी साहेबाला चीक तसाच पाजला होता."

मला आधी काही कळेचना. मग तिने सगळं सांगितलं. पिल्लं निघाली त्या दुपारी चीक काढून तापायला ठेवला होता. तासाचा हिशोब होता. वीस मिनिटं झाली आणि साहेब थंड पडायला लागला. बाकीची कुईं कुईं करत होती, हा आवाजच करेना. नवजात पिल्लाच्या अंगात ताकद म्हणून काही नसते, चीक पोटात गेला नाही तर तासा-दोन तासांत जातं. मॅडम आणि बाकीचे डुकरिणीचे टाके घालत होते. हिने तापायला न ठेवलेल्या बाटलीतून एक सिरिंज भरली, वीस मिलि, आणि थेंब थेंब करून त्याच्या घशात सोडली. पंधरा मिनिटांत तो पाय झाडायला लागला.

"अगं, मग जीवच वाचवलास की त्याचा!"

"डुकरिणीच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. जंतू नाहीत म्हणून कागद होता. मला वाटलं, तापवतात ते जंतूंसाठी, आणि जंतू तर नाहीतच. पेशींचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि वहीत..." ती थांबली.

"वहीत काय?"

"'तापवला' म्हणून रकाना असतो. मी सगळ्यांच्या नंबरापुढे बरोबरची खूण केली. साहेबाच्याही."

मी काय म्हणालो ते लिहितो, कारण ते न लिहिता बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, "हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"तुम्हाला."

"मग गप्प बस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला ते बघणं सहन होईना, म्हणून मी जास्तच बोललो. तू शिकलेली नाहीस, पेशीबिशी बघणं हे त्यांचं काम. वीस मिलिने काय होतंय? चमचाभर चिकाने आठ आठवडे कोणी जगतं का? मगज रुजलाही असेल. आणि तू सांगितलंस की तुला हाकलतील ते हाकलतील, वर खोटी नोंद केली म्हणून काय काय करतील. एवढी मोठी डॉक्टर मंडळी बसली आहेत, ती बघतील. तुला काय पडलंय?

"दोघांना तापवलेला पाजला," ती म्हणाली, "दोघं गेली. याला न तापवलेला पाजला, हा राहिला. तुम्ही मेकॅनिक आहात ना? तीन गाड्या, एकीतच वेगळं काहीतरी घातलं, आणि तीच चालली. तुम्ही काय म्हणाल?"

मी आवाज चढवला. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला इतका चढवला. "त्या पोराचं काय व्हायचं ते होईल," असंही म्हणालो. शब्द तोंडातून निघाले आणि माझं मलाच कसंतरी झालं. पण तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही. ती उठली, कुकर लावला, आणि आम्ही दोघं न बोलता जेवलो. खरं तर मी जेवलो.

गुरुवारी सकाळी ती आंघोळ करून तयार झाली तेव्हा मी गॅरेजला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं होतं. "सोडतो तुला," एवढंच म्हणालो. गाडीत तिने पूर्ण वेळ पर्स घट्ट धरून ठेवली होती.

मॅडमची खोली लांब व्हरांड्याच्या टोकाला. बाहेर लोखंडी बाक. ही आत गेली, दार पूर्ण लागलं नाही, आणि मी कान टवकारून बसलो. हिचा आवाज इतका हळू की शब्द कळत नव्हते. मग मॅडमचा आवाज आला.

"किती?"

"एक सिरिंज. वीस मिलि."

"वहीत खूण आहे, मावशी. मी स्वतः बघितली आहे."

"खोटी आहे."

मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय का काय सांगताय ते?" आवाज चढलेला नव्हता.

"परवा कळलं. तुम्ही डॉक्टरांना सांगत होतात तेव्हा."

"परवा! आणि आज सांगताय?"

"काल भीती वाटली."

ती माझं नाव घेईल असं मला वाटलं होतं. तिने घेतलं नाही.

मॅडम बाहेर आल्या त्या माझ्याकडे न बघताच निघून गेल्या. अर्ध्या तासात साहेबाचं रक्त काढून नेलं. टेक्निशियनने मला नंतर समजावून सांगितलं. मगज कोणाचा रुजला याची मोठी चाचणी बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवलेली होती, तिचं उत्तर यायला अजून पंधरा दिवस होते, आणि कोणाला शंका नसल्याने घाईही नव्हती. पण एक सोपी चाचणी इथेच होण्यासारखी होती. साहेब नर. मगज देणारा भाऊ नर. चीक मात्र डुकरिणीचा. साहेबाच्या अंगातल्या त्या नव्या पेशी नराच्या आहेत की मादीच्या, एवढंच बघायचं. नराच्या निघाल्या तर मगज रुजला. मादीच्या निघाल्या तर आम्ही मेलो.

"किती वेळ?" मी विचारलं.

"चार वाजतील."

सकाळचे दहा वाजले होते. हिला पिल्लांच्या खोलीत जायला बंदी झाली होती, त्यामुळे ती माझ्याशेजारी बाकावर. इतकी वर्षं संसार केला, पण दिवसाढवळ्या सलग सहा तास शेजारी शेजारी असे आम्ही कधी बसलो नसू. साडेदहाला व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून साहेबाचं किंचाळणं ऐकू आलं. दुधाची वेळ. दुसरी एक मुलगी आत गेली होती.

"दूध गार असेल," ही म्हणाली. "तो गार पीत नाही."

थोड्या वेळाने पुन्हा, "बाटलीचं भोक लहान असेल. लाल बुचाची घ्यायला हवी."

तो ओरडतच होता. ही उठून उभी राहिली, पुन्हा बसली. मी तिच्यासाठी चहा आणला, तो साय धरून तसाच राहिला. मला मनातल्या मनात एकच घोकणं लागलं होतं, नराच्या निघू देत, नराच्या निघू देत. मुलासाठी नाही, हिच्यासाठी. खरं सांगायचं तर माझ्यासाठी, म्हणजे काल मी बोललो ते अगदीच चुकीचं नव्हतं असं तरी म्हणता आलं असतं. ती काय मागत होती ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

दोन वाजता मॅडम फोनवर बोलत समोरून गेल्या. "हो, अजून थांबा. संध्याकाळपर्यंत काही ठरवू नका," असं ऐकू आलं. तीन वाजले. पावणेचार. टेक्निशियन दोनदा बाहेर आला आणि दोनदा आमच्याकडे न बघता पाणी पिऊन गेला. मी घड्याळ काढून खिशात ठेवलं.

चारला सात मिनिटं कमी असताना मॅडम हातात एक कागद घेऊन आल्या. उभ्याच राहिल्या. मग बाकावर हिच्या शेजारी बसल्या. मोठ्या पदावरची बाई, आमच्यासारख्यांच्या शेजारी, त्या कळकट बाकावर.

"सगळ्या मादीच्या," त्या म्हणाल्या. "भावाची एकही नाही, मावशी."

हिने तो कागद हातात घेतला आणि तसाच परत दिला.

"मी गेले दोन आठवडे रोज सकाळी उठून आधी त्याचे आकडे बघत होते," मॅडम म्हणाल्या. मग उठल्या आणि इस्पितळात फोन करायला गेल्या.

शुक्रवारी दहाला बैठक झाली. साहेब पारड्यातून उतरला होता. दोन पिल्लांत पाव डोस फसला, तिसऱ्यात रुजल्याचा भास झाला, हे लिहून मॅडमनी कागद पाठवला होता. समितीने पूर्ण डोस ठरवला.

साहेबाच्या अंगावरच्या चट्ट्यांचंही कोडं सुटलं. डुकरिणीच्या पेशींना त्याचं शरीर परकं वाटत होतं, त्या त्याच्याच कातडीवर उठल्या होत्या, आणि आता यकृतावर. त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं ठरलं. हिने मॅडमना विचारलं, शेवटची बाटली मी पाजू का? नियमात बसत नव्हतं. मॅडमनी हो म्हटलं. ही लाल बुचाची बाटली घेऊन गेली, अर्ध्या तासाने परत आली, गाडीत बसली आणि घर येईपर्यंत रडली. एका डुकराच्या पिल्लासाठी. मलाही रडू येत होतं, आणि ते कोणासाठी हे मला सांगता आलं नसतं.

तिला काढलं नाही. खोट्या नोंदीचा ठपका आला, पिल्लांची खोली तिच्यासाठी बंद झाली आणि तिला बाटल्या धुण्याच्या विभागात टाकलं. तिथे दिवसभर वाफ, आणि उकळत्या पाण्याने बोटं सोललेली. ती तक्रार करत नव्हती. तिथल्या दोन मुलींना तिने आल्या आल्या एकच गोष्ट शिकवली, म्हणे, की खूण करायच्या आधी हात त्या वस्तूला लावायचा आणि मगच खूण करायची.

तीन आठवड्यांनी मी तिला न्यायला गेलो. इस्पितळ आणि केंद्र यांच्यामध्ये गाड्या लावायची जागा आहे. आम्ही गाडीपाशी पोचलो आणि त्या बाई समोर आल्या, मुलाची आई. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हिने मात्र मास्क नसतानाही ओळखलं.

"तुम्हीच ना त्या? डुकराच्या खोलीतल्या?"

"हो."

"त्याचं तोंड आतून सगळं सोलून निघालंय," बाई म्हणाल्या. अगदी सपाट आवाजात, जणू बरेच दिवस हे वाक्य तयार ठेवलं होतं. "थुंकी गिळता येत नाही त्याला. डोक्यावरचे केस माझ्या हातात येतात. पाव डोस देणार होते. तुम्ही गप्प राहिला असतात तर हे झालं नसतं."

मी पुढे झालो. अंगाचा तिळपापड झाला होता. सगळं सांगणार होतो, पाव डोसाने काय झालं असतं, दोन पिल्लं कशी गेली ते. हिने माझी बाही धरली.

"हो," ती त्या बाईंना म्हणाली. "मीच बोलले."

बाई थोडा वेळ थांबल्या, त्यांना आणखी काही हवं होतं, भांडण किंवा माफी. मग वळून इस्पितळाच्या दाराकडे गेल्या. मी गाडी चालू केली आणि गिअर टाकायला विसरलो. त्या बाईंचे शब्द मला ओळखीचे होते. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच तोंडून निघाले होते. त्या बाईंकडे निदान कारण होतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी विचारायचो, "काही कळलं का मुलाचं?" रोज ती मान हलवायची, नाही. एकदा ताप चढला म्हणून कानावर आलं. एकदा श्वासाची नळी घातली म्हणून. ती नळी सहा दिवस होती. त्या सहा दिवसांत ही घरी आल्यावर भाजी चिरायला बसायची आणि तशीच बसून राहायची.

मगज दिल्यापासून सत्तेचाळिसाव्या दिवशी मॅडम बाटल्या धुण्याच्या खोलीत आल्या. तिथे त्या कधी येत नसत. हे मला धुणाऱ्या मुलींपैकी एकीने सांगितलं, आमच्या हिने नाही. मॅडमनी दारातूनच हाक मारली, "मावशी, मुलाच्या रक्तात पेशी आल्या."

दोघी मुलींनी टाळ्या वाजवल्या. हिने नळ बंद केला, हात पुसले आणि विचारलं, "कोणाच्या?"

मॅडम म्हणाल्या, "वडिलांच्या. दोनदा तपासून घेतलं."

"आईची एकही नाही?"

"एकही नाही."

मग ती ओल्या फरशीवरच बसली. मुलींना वाटलं चक्कर आली, त्या पाणी आणायला धावल्या.

घरी आली तेव्हा मला एवढंच म्हणाली, "रुजला हो." मी तिचे हात हातात घेतले, बोटांची सालं निघालेली होती. मला तेव्हा बोलायचं होतं. त्या बुधवारचं. पण माझी जीभ रेटली नाही, आणि मग दिवस गेले. ते मूल आता चालतं. 'गप्प बस' म्हणालो होतो, हे तिने मला आजवर एकदाही ऐकवलेलं नाही, भांडणातसुद्धा नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.